देव समाजानं घडवला असेल, तर बाबांच्या पाया पडू का?

पत्र (थोडक्यात): ताई, मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. वय २३, समाजशास्त्रात एम.ए. करतोय. घरी सात एकर कोरडवाहू, कपाशी अन् तूर. बाबा गावदेवी माता मायच्या कमिटीत आहेत. यंदा पोळ्याला तोरणाखाली बाबांनी माझ्या हाती कासरा दिला आणि म्हणाले, नमस्कार कर. मी चारचौघांत बोललो की देव समाजानंच बनवला आहे, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, मी कशाला हात जोडू? धर्म म्हणजे अफू, असंही बोलून गेलो. बाबांनी कासरा माझ्या हातून काढून घेतला. तेव्हापासून ते बोलत नाहीत, माझ्यासोबत जेवायला बसत नाहीत. माता मायची पाचशे रुपये वर्गणीही मी दिली नाही. (तोरणाखाली कोणाची बैलजोडी कुठं उभी राहायची हे आमच्या गावात ठरलेलं आहे. माझ्या बौद्ध मित्राच्या घरची जोडी अजून सगळ्यात मागं असते. पण तो विषय वेगळा.) आता दसरा येतोय. सोनं द्यायला बाबांपुढं जाऊ का? पाया पडलो तर ढोंग होईल ना? आणि धर्म समाजानं बनवला असेल तर तो खोटाच ठरतो ना?

---

प्रिय भाऊ,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा कंसातल्या ओळींवर अडले. त्यांच्याकडं शेवटी येईन. तू 'विषय वेगळा' म्हणून सोडून दिलास, पण माझ्या मते सगळा विषय तिथंच आहे.

आधी ते 'शास्त्रज्ञ'. तुझ्या डोक्यात एमिल दुर्खीम असणार, एम.ए.ला ते असतातच. १८५८ मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेला माणूस. बाप रब्बी, आजा रब्बी, पणजाही रब्बी, म्हणजे घरात पिढ्यान्‌पिढ्या ज्यू धर्माचं पौरोहित्य. यानं ती वाट सोडली, पण धर्म म्हणजे काय हा प्रश्न आयुष्यभर सोडला नाही. १९१२ मध्ये त्यांनी आपली मोठी मांडणी छापली आणि तिच्यासाठी उदाहरण घेतलं ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं. ही माणसं वर्षातला बराच काळ लहान लहान टोळ्यांनी विखुरलेली, शिकारीमागं, कंदमुळांमागं. मग केव्हातरी सगळं कूळ एका जागी जमायचं. आगीभोवती रात्ररात्र नाच, गाणं, आरोळ्या. अंगात काहीतरी संचारायचं. एकट्यानं रान तुडवताना जी ताकद कधी जाणवली नाही, ती त्या रात्री जाणवायची. ती ताकद जमलेल्या माणसांतूनच उठलेली असते, पण ज्याच्या अंगातून ती वाहते त्याला ती बाहेरून, वरून आल्यासारखी वाटते. मग तो ती समोरच्या खुणेवर नेऊन ठेवतो. ती खूण म्हणजे कुळाचं चिन्ह, एखादा प्राणी किंवा झाड. दुर्खीम म्हणतात, त्या चिन्हापुढं वाकणारा माणूस नकळत आपल्या समाजापुढं वाकत असतो.

इथवर तू वर्गात ऐकलंच असशील. पण तू पोळ्यात जे बोललास ते दुर्खीम बोलत नाहीत. मांडणीच्या सुरुवातीलाच ते सांगतात की खोटा असा धर्मच नसतो, प्रत्येक धर्म आपापल्या परीनं खरा असतो. निव्वळ चुकीवर, थापेवर उभी असलेली गोष्ट इतकी शतकं टिकलीच नसती, असं त्यांचं कारण. ज्या माणसाच्या नावानं तू बाबांना गप्प केलंस, तोच माणूस त्या दिवशी तोरणाखाली बाबांच्या बाजूनं उभा राहिला असता.

आणि 'सिद्ध केलंय' हा शब्दही परत घे. दुर्खीम स्वतः ऑस्ट्रेलियाला कधी गेले नाहीत. दुसऱ्यांनी पाहून लिहिलेलं वाचून त्यांनी हे उभं केलं. पुढं त्या भागात राहून आलेल्या अभ्यासकांनी त्यांच्या मांडणीतल्या कितीतरी गोष्टी खोडल्या. धर्म माणसांच्या एकत्र येण्यातून कसा आकार घेतो, हे ती मांडणी फार ताकदीनं दाखवते. देव आहे की नाही, हे त्यातून ठरत नाही. आईची माया कुठून येते हे कोणी सांगितलं, म्हणून माया खोटी ठरते का?

अफूचंही तसंच. ते वाक्य कार्ल मार्क्सचं, १८४४ मध्ये छापलेल्या लेखातलं. त्याच्या अगदी लागून आधी मार्क्सनं धर्माला दडपलेल्या जीवाचा उसासा म्हटलंय, काळीज नसलेल्या जगाचं काळीज म्हटलंय. ज्या जिल्ह्यांत कपाशीच्या भावानं आणि कर्जानं घरंच्या घरं बसली, तिथं राहणाऱ्या मुलानं अर्धं वाक्य उचलावं आणि उसासा गाळावा, याचं मला वाईट वाटलं. तुझ्या बाबांनी किती हंगाम आभाळाकडं बघत काढले असतील, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता पुस्तक बाजूला ठेवून आपल्याकडं बघू. कुळचिन्ह शोधायला ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही. आपल्याकडं लग्नात देवक बसवतात. कोणाचं देवक आंबा, कोणाचं उंबर, कोणाचं कळंब. देवक एक निघालं तर पूर्वी सोयरीक होत नसे. म्हणजे देवाच्या जागी बसलेलं ते झाड खरं तर सांगत असतं की आपण कोण, आपले भाऊबंद कोण, मुलगी कुठं द्यायची नि कुठं नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडं गोंड घरांत सोयरीक निघाली की आधी विचारतात, तुम्ही किती देवांचे? चार, पाच, सहा की सात? देवांची संख्या एक असली की ते भाऊ, त्यांच्यात लग्न नाही. गोंदिया जिल्ह्यात सालेकशाजवळ कचारगडच्या गुहेत माघ पौर्णिमेला गोंड समाज लांबलांबून जमतो, तो आपल्या मूळ स्थानाला भेटायला. देव आणि कूळ तिथं असे विणलेले आहेत की कुठला धागा कशाचा ते सोडवता येत नाही.

काही लोक म्हणतात, धर्म भीतीतून निघाला. विजेची भीती, रोगाची, मरणाची. हे मलाही तरुणपणी पटायचं. आता पटत नाही, त्याचं कारण माता माय. तुझ्या बाबांच्या कमिटीची देवता तीच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

देवीची साथ तू पाहिली नाहीस. आपल्या भाषेत त्या रोगाचं नावच देवी. मी सात-आठ वर्षांची असताना आमच्या गावात साथ आली आणि माझ्या मोठ्या बहिणीला देवी निघाल्या. दारावर कडुलिंबाचा डहाळा लागला. घरात फोडणी बंद, परक्याला आत यायची बंदी, घरातल्यानं गावाबाहेर जायचं नाही. आई म्हणायची, माता घरात आली आहे. बहीण वाचली, तोंडावर व्रण राहिले. साथ ओसरल्यावर मोहल्ल्यातल्या बाया घागरी घेऊन माता मायच्या पारावर गेल्या. गावाच्या शिवेवर निंबाखाली शेंदूर लावलेले पाच-सात गोटे, बस. प्रत्येकीनं आपली घागर त्यांच्यावर रिकामी करायची, माता थंड करायची, मग दही-भाताचा निवद. मी आईच्या पदराला धरून उभी होते. पाणी गोट्यांवरून वाहत माझ्या पायापर्यंत आलं, त्यात निंबाची पानं तरंगत होती.

त्या बायांत एक अशी होती जिचं लेकरू त्याच साथीत गेलं होतं. तीही घागर घेऊन आली. मातेनं तिचं ऐकलं नव्हतं, तरी आली. ती पारापाशी पोचली आणि तिचे हात थरथरायला लागले. माझी आई पुढं झाली, तिच्या डोक्यावरची घागर खाली उतरवली, मग दोघींनी मिळून ती गोट्यांवर ओतली. नंतर सगळ्या बाया तिच्याभोवती बसल्या आणि रडल्या. आईला मी तोवर रडताना पाहिलं नव्हतं.

पुढं मी डी.एड. झाले, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले आणि तुझ्यासारखीच आईला बोलले. म्हटलं, रोग लशीनं गेला, तुझ्या मातेनं नाही. खरंच होतं ते. १९७५ मध्ये भारतात देवीचा शेवटचा रोगी सापडला आणि १९८० मध्ये सगळ्या जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. आई भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, ''लशीनं गेला, बराबर हाये. पन त्या दिवशी माता माय नसती, तं तिच्यापाशी कोन गेलं असतं वं? सुतकाच्या घरी कोनी जात नव्हतं भेवानं.'' माझ्याकडं उत्तर नव्हतं.

बघ, धर्म भीतीतूनच आला असता तर १९८० नंतर माता माय ओस पडली असती. रोग गेला, भीती गेली, पार राहिला. आषाढात आजही बाया तिथं जातात. त्या पारावर गाव स्वतःला भेटतं. वर्षभर बांधावरून भांडलेल्या दोन घरच्या बाया एकाच निंबाखाली घागर रिकामी करतात. दुर्खीम वाचला तेव्हा मी साठीच्या जवळ होते आणि वाचताना मला सारखा आईच्या हातातला भाकरीचा गोळा दिसत होता.

पोळाही असाच. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकायचे आणि कानात सांगायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' वर्षभर ज्याच्या मानेवर जू ठेवलं त्याला एक दिवस पाहुणा करायचा. झडत्या, म्हणजे पोळ्याची टोचणारी गाणी, म्हणायच्या, सावकाराला, सरकारला, गावच्या पुढाऱ्याला चारचौघांत टोचायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव'. रात्री दाराशी पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, आणि दुसऱ्या सकाळी ते शिवेबाहेर टाकताना 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत'. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांबरोबर बडगे नावाचे पुतळे निघतात, त्यांच्या अंगावर महागाई नि भ्रष्टाचार लिहिलेला असतो. त्या वर्षी लोकांना जे सलतं ते त्या पुतळ्यावर जातं. हे सगळं माणसांनी मिळून घडवलंय यात शंकाच नाही. म्हणून ते कमी दर्जाचं आहे असं मला एक क्षणही वाटत नाही.

पण घडवणारी माणसं असतील, तर त्यात जे वाईट आहे तेही माणसांनीच घातलेलं असणार. इथं मी तुझ्या कंसावर येते.

तुझा जिल्हा मालगुजारीचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांचा. गावचा मालगुजार, त्याची जोडी मानाची, ती तोरणाखालून आधी निघणार आणि मग पोळा फुटणार, म्हणजे बाकीच्या जोड्या सुटणार. त्याच्यामागं जमिनीच्या आणि जातीच्या उतरंडीनं बाकीचे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. कागद गेला, सारा वसूल करायचा हक्क गेला. तोरणाखालची रांग मात्र बऱ्याच गावांत तशीच राहिली, आणि लोक म्हणायला लागले की ही देवाची रीत आहे, वाडवडिलांपासून चालत आली आहे. समाज आपली रांग देवाच्या हवाली करून ठेवतो. मग ती रांग मोडणं म्हणजे देवाचा अपमान होऊन बसतं. समाजातून धर्म निघतो या विचारातला सगळ्यात जळजळीत भाग हा आहे आणि तू नेमका तोच बोलला नाहीस. देव आहे की नाही यावर बाबांशी भांडलास. मित्राची जोडी मागं का, हे कोणालाच विचारलं नाहीस.

हे विचारणारी माणसं आपल्याच मातीत झाली. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचं, रात्री कीर्तन, आणि कीर्तनात देवापुढं बोकड कापणाऱ्याला उभं करून प्रश्न. त्यांनी लोकांचं जमणं मोडलं नाही, टाळ-मृदंग मोडला नाही, त्याच गर्दीकडून काय करवून घ्यायचं ते बदललं. तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना लावली, सगळ्या जातींची माणसं एका ओळीत, एका सतरंजीवर. तुझ्याच जिल्ह्याच्या गावी, वर्ध्याला, लक्ष्मीनारायणाचं मंदिर जमनालाल बजाज यांच्या घराण्याचं. १९२८ मध्ये त्यांनी ते अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडलं. देव तोच, दार बदललं.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो लोकांसह धम्म स्वीकारला. तुझ्या मित्राचे आजी-आजोबा कदाचित त्या गर्दीत असतील, विचार त्याला. बाबासाहेबांनी लिहिलंय की धम्म मुळातच सामाजिक आहे. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही, पण दोन माणसांचा एकमेकांशी संबंध आला की धम्म लागतोच. धर्म माणसामाणसांतला आहे हे दुर्खीमनं सांगितलं, आणि बाबासाहेबांनी त्याच्यापुढचा प्रश्न घातला. ती दोन माणसं एकमेकांशी वागतात कशी? या कसोटीवर तुझा पोळा लाव. सिद्धांत तुला उपयोगी पडायचा असेल तर तो इथं पडेल.

आता काय करायचं ते.

आधी मित्राकडं जा. त्याला काय हवंय ते त्याच्या तोंडून ऐक. कदाचित त्याच्या घरच्यांना रांगेत पुढं यायचं असेल, कदाचित तुमच्या तोरणाशी त्यांना काही देणंघेणंच उरलं नसेल आणि जोडी आणायची ती फक्त शेजारधर्म म्हणून. त्याच्या वतीनं तू परस्पर लढाई काढू नकोस. आपल्याकडं भल्या मनाची पोरंही हे करून बसतात आणि मग तोंडघशी पडतो तो मित्र, कारण त्याला त्याच गावात राहायचं असतं.

बाबांकडं मात्र दसऱ्याची वाट बघू नकोस. तू जे बोललास त्यातल्या विचाराची माफी मागायची गरज नाही, तुझं मत तुझं आहे. माफी मागायची ती जागेची आणि वेळेची. वर्षभर ज्या बैलांमागं ते चालले, त्यांच्या मानाच्या घटकेला, गावासमोर, तू त्यांच्या हातातला आनंद काढून घेतलास. हे एवढंच म्हण. 'बाबा, मी पोळ्यात बोललो ते चुकलं, तिथं बोलायचं नव्हतं.' पुढं 'पण' लावू नकोस. 'पण' आला की बाबा उठून गोठ्यात जातील, आणि बरोबरच करतील.

ते लगेच बोलतील असं नाही. आपल्याकडचे बाप बोलून राग सोडत नाहीत, कामातून सोडतात. तुरीला फवारणी असेल तर पंप पाठीवर घे. बैल धुवायला घेऊन जा. तुझ्या हाती पुन्हा कासरा आला की समज, राग सुटला.

मग एखाद्या रात्री, जेवण झाल्यावर, त्यांनाच विचार. 'बाबा, आपल्या गावात मानाची जोडी कोणाची, हे कधी ठरलं?' परीक्षा घेतल्यासारखं नको, खरंच ऐकायचं म्हणून विचार. त्यांच्या लहानपणी कोण पुढं असायचं, मालगुजाराच्या वाड्यासमोर पोळा भरायचा का, सालदार बैल सजवायचा तेव्हा त्याला नवे कपडे कोण द्यायचं, बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, किती मिळायचा. तुझ्या एम.ए.च्या प्रबंधाला यापेक्षा चांगला विषय मिळणार नाही, आणि सांगणारा माणूस घरातच आहे. बोलता बोलता रांग कशी बनली हे त्यांचं त्यांनाच दिसेल. न दिसलं तरी तुझा प्रश्न त्यांच्या डोक्यात राहील. कमिटीत ते आहेत, तू नाहीस. रांग बदलली तर त्यांच्या तोंडून बदलेल.

दसऱ्याचं तू ढोंगाचं विचारलंस. आपट्याचं पान हातात ठेवून वडिलांच्या पाया पडताना कोणी तुला देव मानतोस का असं विचारत नाही. तू त्या माणसाच्या पाया पडतोस ज्यानं सात एकर कोरडवाहूवर तुला एम.ए.पर्यंत आणलं. त्यात ढोंग कुठलं? मंदिरात हात जोडावेसे वाटले नाहीत तर जोडू नकोस. चप्पल काढून बाजूला उभा राहा, आरती संपेपर्यंत थांब, प्रसाद घे. न मानणाऱ्या माणसाला आपल्या गावांत नेहमीच जागा होती. फक्त त्यानं गर्दी सोडून जायचं नसतं.

आणि सोनं द्यायला घरातून निघशील तेव्हा पहिलं घर मित्राचं घे. चौदा ऑक्टोबरला आणि दसऱ्याच्याच दिवशी येणाऱ्या अशोक विजयादशमीला त्याच्याकडं काय असतं, खीर असते की आणखी काही, ते तुला माहीत असेलच. तिथं बस, खा, मग बाबांकडं ये.

वर्गणीचे पाचशे दसऱ्याच्या आधी भर. पावती मात्र तुझ्या नावानं घे, बाबांच्या नाही. कमिटीची मीटिंग होईल तेव्हा ती खिशात असू दे, पुढच्या पोळ्याच्या रांगेविषयी बोलायला तुला ती लागेल.

तुझी,
ताई